मालवाहू सायकलचे ४० आरे: टिकाऊ भागांमागचा इतिहास

जुन्या काळ्या सायकलचे आरे कधी मोजून पाहा. पुढच्या चाकात ३२ भरतील, मागच्या चाकात ४०. इतर बऱ्याच देशांत दोन्ही चाकांना ३६-३६ आरे घालायची पद्धत होती. ३२-४० ही वाटणी इंग्लंडची. सीटवरच्या माणसाचं आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून पुढचे चार आरे काढून मागे दिले. मालवाहू सायकल बांधायला घेणारे लोक आधी फ्रेमच्या नळीचा विचार करतात. माझं मत विचाराल तर पहिला विचार आणि पहिला पैसा मागच्या चाकाचा, आणि त्याचं कारण या ४० आऱ्यांत आहे.

आरा ओझ्याने एका झटक्यात क्वचितच तुटतो. चाक फिरताना जमिनीलगत आलेल्या आऱ्यांचा ताण दर फेरीला थोडा उतरतो आणि वर गेल्यावर पुन्हा चढतो. लाखो फेऱ्यांनंतर, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकापाशी जिथे आरा वाकवलेला असतो, तिथे धातू थकतो आणि आरा तिथेच तुटतो. आरे जास्त असले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी चढउतार कमी होते. सगळे आरे सारख्या आणि पुरेशा ताणात बसवले असतील, तर साधे आरेही वर्षानुवर्षं जातात. इंग्लंडचा सायकल बनवणारा जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये आरे हबमधून सरळ बाहेर न काढता तिरके, एकमेकांना छेदत बसवायची पद्धत आणली. आजचं चाकही तसंच विणलं जातं. म्हणून महागडी रिम घेण्याआधी चाक नीट विणणारा आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणारा हात शोधावा. त्याला पर्याय नाही.

ही इंग्लिश सायकल भारतात आधी आयात होऊन आली आणि मग इथेच बनू लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. नावं वेगळी होती, पण सांगाडा तोच: २८×१½ चं टायर, पोलादी रिम, दांड्यांचा ब्रेक, कॉटर पिनचं क्रँक (पायडलचा दांडा), बेअरिंगचे सुटे छर्रे. दूधवाल्याच्या कॅन, गॅसच्या टाक्या, डबेवाल्यांचे हँडलला आणि कॅरिअरला लटकणारे डबे हे सगळं याच सांगाड्यावर चाललं. जड कामासाठी वरच्या नळीखाली आणखी एक नळी घातलेली डबल बारची सायकलही याच घराण्यातली.

या सायकलीत एक गुण आपोआप आला होता. मागे एकाच दातेरी चकतीचं फ्रीव्हील असल्यामुळे हबचा उजवा छर्रा (बेअरिंग) फ्रेमच्या जवळ बसतो आणि आसाचा मोकळा तुकडा आखूड राहतो. पाच-सहा दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील आलं तेव्हा छर्रा आत ढकलला गेला, आसाचं बाहेरचं टोक लांबलं आणि ओझ्याखाली आस वाकू लागले, तुटू लागले. १९७८ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने फ्रीहब, म्हणजे फ्रीव्हीलची यंत्रणा हबमध्येच असलेला हब, आणला. त्यात छर्रा पुन्हा बाहेरच्या टोकाला गेला आणि तो दोष बराचसा मिटला. आज गिअरची मालवाहू सायकल बांधताना जुन्या पद्धतीचं, हबच्या आट्यांवर (पेचावर) फिरवून चढवायचं फ्रीव्हील स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो.

ओझ्याची सर्वांत कठोर परीक्षा १९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये झाली. दिएन बिएन फू इथे फ्रेंच फौजेला घातलेल्या वेढ्यासाठी हजारो व्हिएतनामी माणसांनी सायकलींवरून तांदूळ आणि दारूगोळा डोंगरातून नेला. एकेका सायकलवर दोनशे किलोच्या वर ओझं असे. त्या सायकली चालवायच्या नव्हत्या, ढकलायच्या होत्या. वळवता यावं म्हणून हँडलला लांब काठी बांधली जाई आणि तोल धरायला सीटच्या जागी दुसरी उभी काठी. फ्रेमला लाकूड-बांबूचा आधार देत आणि टायरच्या आत जुनं कापड घालत. आधी काय फाटतं आणि काय वाकतं, हे त्यांना वाटेतच कळत होतं.

युरोपात प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला गेला. १९२०च्या दशकात डेन्मार्कमध्ये लाँग जॉन सायकल आली. तिच्यात ओझं चालवणाऱ्याच्या पुढे, खाली, पुढच्या छोट्या चाकाच्या मागे ठेवलेलं असतं. छोटं चाक त्याच जाडीच्या आऱ्यांनीही जास्त भक्कम होतं, कारण आरे आखूड असतात. सत्तरच्या दशकापासून बीएमएक्स या शर्यती-कसरतींच्या छोट्या सायकलींमुळे २० इंची भक्कम रिमा आणि हब सगळीकडे मिळू लागले आणि पुढच्या चाकाचा प्रश्न जवळजवळ सुटला.

ब्रेकची गोष्ट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. दांड्यांचा ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला रबर दाबतो. क्रोमचं पोलाद ओलं झालं की ते रबर नुसतं घसरतं. भरल्या सायकलने उतारावर हे अनुभवलेला माणूस विसरत नाही. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीने १९३०च्या दशकात ड्रम ब्रेकचे, म्हणजे ब्रेक आतच असलेले, हब काढले. ते पाण्यापासून झाकलेले असतात आणि रिम झिजवत नाहीत. रिमला थोडा आऊट आला तरी ब्रेक चालतो. माझ्या दृष्टीने मालवाहू सायकलसाठी तो आजही सर्वांत शहाणा ब्रेक आहे. डिस्क ब्रेक जास्त जोरात धरतो, पण त्याचे पॅड तालुक्याच्या गावात मिळतीलच असं नाही.

२००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सुरू झालेल्या वर्ल्ड बायसिकल रिलीफ या मदत संस्थेने पुढे आफ्रिकेसाठी बफेलो सायकल बनवली. कॅरिअरवर १०० किलो पेलणारी, उलट पायडलने ब्रेक लागणारी, एका गिअरची. तिची रचना आपल्या काळ्या सायकलच्या फार जवळची आहे. जर्मनीत २०२० मध्ये मालवाहू सायकलींसाठी डीआयएन ७९०१० हे वेगळं मानक आलं आणि त्यात चाचणीच्या वेळचं ओझं ठरवून दिलं गेलं. इथे बांधणाऱ्याला त्या मानकाचा दाखला मिळणार नाही. पण मागे २८×१½ आणि पुढे २० इंच घेतलं, तर दोन्ही मापांची टायर-ट्यूब गावच्या सायकल मार्टमध्ये बहुतेक वेळा मिळून जाते.