हलकी गोळी लांबवर भारी? थोडा खुलासा

एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय, की लांबून शिकार करायची तर हलकी आणि वेगवान गोळी घ्या, ती सपाट जाते (म्हणजे वाटेत कमी खाली झुकते) आणि जास्त जोरात बसते. वाटणं साहजिक आहे, कारण काडतुसांच्या बॉक्सवर वेग मोठ्या आकड्यात छापलेला असतो, पण तो नळीच्या तोंडाशी असलेला वेग असतो.

अमेरिकेत हरणांसाठी पॉइंट 308 विंचेस्टर ही रायफलची काडतूस खूप चालते, तिचंच बघू. साधी 150 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण 2800 फुटांनी सुटते, लांब टोकदार 175 ग्रेनची 2600 ने. 200 यार्डापर्यंत हलकी थोडी सपाट जाते हे खरंच आहे. पण हवा तिला जास्त अडवते, तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे हवा कापत वेग टिकवण्याचा आकडा, कमी असतो ना, म्हणून 500 यार्डाला जड गोळीच जास्त वेगात पोचते आणि वाऱ्यानेही कमी सरकते.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे, शिकारीची गोळी लागल्यावर फुलायला, म्हणजे टोक पसरून रुंद व्हायला हवी, त्याला किमान वेग लागतो, बऱ्याच गोळ्यांना सेकंदाला 1800 फुटांच्या आसपास. त्याखाली नुसतं बारीक भोक पडतं आणि जनावर जखमी होऊन तडफडत पळतं, हे टाळायलाच हवं. 500 यार्डाला वरच्या दोन्ही गोळ्या या रेषेखाली येतात!

तपासायला फुकटचा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर पुरतो, बॉक्सवरचा कोएफिशंट आणि वेग टाका, अंतरानुसार उरलेला वेग बघा. जड गोळी घेतली तर आधी रेंजवर कागदावर मारून बघा, गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसली तर तुमच्या नळीचा ट्विस्ट (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ) तिला पुरत नाहीये.