एकच नाव, दोन शर्यती: सेंट मॉरिट्झचं आणि लेडविलचं स्कीजोरिंग

काऊबॉय टोपी घातलेला स्वार बर्फातून घोडा चौखूर फेकतोय, मागे दोराला धरून एक स्कीपटू उंचवट्यावरून हवेत उडालाय, आणि फोटोखाली लिहिलंय, '१९२८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळला गेलेला खेळ'. फोटो अमेरिकेचा आणि ओळ स्वित्झर्लंडची, अशी सरमिसळ या खेळाबद्दल वाचताना सतत भेटते. ती होणं स्वाभाविकही आहे, कारण दोन्हीकडे नाव स्कीजोरिंगच, आणि बर्फ, घोडा, दोर, स्की हा ऐवजही तोच. पण घोडा कोणाच्या ताब्यात आहे हे एकदा पाहिलं की हे दोन वेगळे खेळ आहेत हे लगेच कळतं.

स्वित्झर्लंडच्या पद्धतीत घोड्याच्या पाठीवर कोणीच नसतं. स्कीपटू मागून लांब लगाम धरतो आणि तोच घोडा हाकतो. अमेरिकन पद्धतीत खोगिरावर स्वार असतो. घोडा त्याच्या हुकमात, आणि खोगिराला बांधलेल्या दोराच्या दुसऱ्या टोकाला स्कीपटू. पहिल्यात स्कीपटू हा सारथी आहे. दुसऱ्यात घोड्यावर त्याची काहीही सत्ता नाही, त्याच्या हातात फक्त दोर आहे. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झची गोष्ट जुनी आहे. १९०६ साली तिथे घोड्यामागे स्कीवरून शर्यत झाली ती रस्त्यावर, शांफेर गावापर्यंत जाऊन परत. पुढच्याच वर्षी शर्यती गोठलेल्या तलावावर आल्या. तो तलाव समुद्रसपाटीपासून १,७६८ मीटरवर आहे, आणि फेब्रुवारीतल्या रविवारी तिथे भरणाऱ्या 'व्हाईट टर्फ' शर्यती आजही तिथल्या हिवाळ्याचा मानबिंदू आहेत. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये याच तलावावर स्कीजोरिंग प्रदर्शनीय खेळ म्हणून झालं आणि पहिले तिन्ही क्रमांक स्विस स्पर्धकांनी नेले. ऑलिंपिकमध्ये घोड्याचं स्कीजोरिंग आलं ते तेवढंच, आणि ते बिनस्वाराचं होतं.

तलावावरच्या शर्यतीचं अंतर साधारण २,७०० मीटर. सगळे घोडे एकदम सुटतात आणि ताशी पन्नासेक किलोमीटरच्या वेगाने एका घोळक्यात धावतात. यातली खरी परीक्षा टीव्हीवर नीट कळत नाही. पुढच्या घोड्यांच्या खुरांनी उडालेला बर्फ मागच्याच्या तोंडावर सतत आदळत असतो, चष्म्यावर थर बसतो, समोरचं दिसेनासं होतं. अशा वेळी लगाम किती सैल सोडायचा, वळणाला आतून घुसायचं की बाहेरून वाट काढायची, घोड्याचा दम शेवटच्या सरळ पट्ट्यासाठी किती राखायचा, हे सगळं घोड्याच्या बरंच मागे उभं राहून ठरवायचं असतं. जॉकीला निदान रिकिबीत पाय आणि घोड्याला टाच लावायची सोय असते. इथे घोड्याशी बोलायचं ते लगामातून आणि आवाजातून. मोसमातल्या शर्यतींचे गुण धरून जो पहिला येतो त्याला 'एंगाडीनचा राजा' म्हणतात. एंगाडीन हे त्या खोऱ्याचं नाव. हा किताब मला फार शोभून दिसतो, कारण एकाच माणसात उत्तम स्कीपटू आणि घोडा ओळखणारा, असे दोघे लागतात आणि तशी माणसं थोडी असतात.

लेडविल हे कोलोरॅडोतलं जुनं खाणगाव, ३,०९४ मीटर उंचीवरचं. आसपास गुरं राखणारी रँचेस, आणि जवळच कॅम्प हेल, जिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पर्वतीय सैनिकांना स्की शिकवलं गेलं. उत्तम घोडेस्वार आणि उत्तम स्कीपटू एकाच पंचक्रोशीत राहत असतील तर त्यांच्यात पैज लागणारच. १९४९ साली ती लागली. तेव्हापासून गावाच्या मुख्य रस्त्यावर, हॅरिसन अ‍ॅव्हेन्यूवर, ट्रकने बर्फ आणून पसरतात आणि मार्चच्या पहिल्या शनिवार-रविवारी दुकानांच्या मधून घोडे पळवतात. मोंटानातल्या रेड लॉज आणि व्हाईटफिशलाही अशा शर्यतींची मोठी परंपरा आहे.

इथे एका वेळी एकच जोडी सुटते आणि झुंज घड्याळाशी असते. आपल्याकडे खेड-जुन्नरच्या घाटात बैलगाडा एकेकटा पळतो आणि सेकंद मोजले जातात, तर सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी शेजारी सुटतात आणि जो पुढे तो जिंकतो. लेडविल घाटाच्या बाजूचं, सेंट मॉरिट्झ सातारा-सांगलीच्या बाजूचं. पण लेडविलला नुसतं वेगाने पोचून भागत नाही. वाटेत बर्फाचे उंचवटे असतात, त्यांवरून उडी घ्यावी लागते. डावी-उजवीकडे गेट असतात, त्यांतून वळून जावं लागतं. खांबांवर टांगलेल्या कड्या असतात, त्या हाताने किंवा काठीने उचलत न्यायच्या. गेट चुकलं, कडी सुटली किंवा हातातून पडली की वेळेत दंडाचे सेकंद मिळतात. पंधरा-वीस सेकंदांच्या धावेत असे दोन सेकंद वाढले तर पहिल्या क्रमांकाची आशा सोडायची.

म्हणून अमेरिकन पद्धतीचा सगळा जीव दोरात आहे. घोडा सरळ रेषेत पळतो आणि स्कीपटू त्याच्या मागे डावी-उजवीकडे कमानी काढत जातो, म्हणजे तो घोड्यापेक्षा जास्त अंतर कापतो. कमानीच्या टोकाला दोर ताणला जातो, आत येताना सैल पडतो. सैल पडलेला दोर एकदम ताणला गेला तर खांद्याला असा हिसका बसतो की पकड सुटते. म्हणून चांगला खेळाडू दोर एका जागी धरून ठेवत नाही. हाताखाली हात घेत तो दोरावर पुढे सरकतो, ढिलाई खाऊन टाकतो, उडीच्या आधी पुन्हा थोडा दोर सोडतो. हे करता करता एका हाताने कडीही उचलायची असते. दोर अंगाला बांधायला परवानगी नाही. पडलात की हात सोडायचे आणि घोड्याला जाऊ द्यायचं. माझ्या मते या खेळातला सगळ्यात शहाणा नियम हाच.

घोड्यांची जातही याच हिशेबाने ठरते. तलावावर धावतात ते थरोब्रेड, आपल्या महालक्ष्मी रेसकोर्सवर दिसतात त्याच जातीचे, दोन-अडीच किलोमीटर वेग टिकवणारे. अमेरिकेत जास्त पसंती क्वार्टर हॉर्सला. तो बुटका, मागच्या पुठ्ठ्यांनी भरलेला घोडा पाव मैलाच्या शर्यतींसाठी जोपासला गेला आणि सुटताक्षणी वेग घेतो. तो अडीच किलोमीटरच्या शर्यतीत शेवटी मागे पडेल, आणि थरोब्रेड रंगात येईपर्यंत हॅरिसन अ‍ॅव्हेन्यू संपलेला असेल. बर्फावर घसरू नये म्हणून नालांना खिळे मात्र दोन्हीकडे लागतात.

स्नोबोर्ड घेऊन उतरायचं असेल तर अमेरिकेतच जावं लागेल. तिकडच्या काही शर्यतींत स्नोबोर्डचा वेगळा गट असतो. तलावावरच्या शर्यतीत बोर्डला जागा नाही. आणि बोर्डवर हे काम स्कीपेक्षा अवघडच आहे. स्कीपटू घोड्याकडे तोंड करून उभा असतो, ओढ दोन्ही खांद्यांवर सारखी येते. बोर्डवर माणूस आडवा उभा, सगळी ओढ पुढच्या हातावर, आणि पाठीच्या बाजूची कडी जवळजवळ न बघता उचलावी लागते. दोर सैल पडून वेग गेला तर स्कीपटू पायांनी रेटा देऊन सावरू शकतो. बोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, त्याला घोडा पुन्हा ओढेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नसतो.

कुत्र्यांमागचं स्कीजोरिंग तिसरं, पण ते निराळंच. तिथे दोर कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो आणि स्कीपटू स्वतःही जोर लावत धावतो. त्यात घोटाळा होण्यासारखं काही नाही.

धोका दोन्हीकडे आहे, पण एकसारखा नाही. लेडविलला रस्ता पायाखाली पक्का असतो. भीती असते ती उडीनंतर वाकडं उतरण्याची, खांद्याची, गुडघ्याची. सेंट मॉरिट्झला जमीनच पाण्यावर तरंगते आहे, आणि हवा उबदार झाली की आयोजकांना शर्यती रद्द करण्याची वेळ येते. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी तिथल्या एका साध्या शर्यतीत, म्हणजे जॉकी घोड्यावर बसलेला असताना, बर्फातल्या भेगेमुळे घोडे कोसळले. ब्रिटिश जॉकी जॉर्ज बेकर डोक्याला मार लागून गंभीर जखमी झाला आणि त्याचा घोडा गेला. ती शर्यत स्कीजोरिंगची नव्हती, पण तलाव तोच. बर्फाची तपासणी कितीही कडक केली तरी ती जास्त वाटू नये असं मला वाटतं, कारण त्या बर्फावर उतरायचं की नाही हे घोड्याला कोणी विचारत नाही.

स्वतः उतरायचं म्हटलं तर वाटाही वेगळ्या आहेत. तलावावर जायचं तर रेसच्या तबेल्यांशी, मालकांशी, प्रशिक्षकांशी संबंध हवा, कारण कोणी आपला थरोब्रेड अनोळखी माणसाच्या हाती देत नाही. अमेरिकेत नवशिक्यांसाठी वेगळे गट असतात. चांगलं स्की येणारा माणूस एखादा तयार स्वार गाठून पहिल्याच हिवाळ्यात नाव नोंदवू शकतो. पण त्याआधी मोकळ्या मैदानात त्याच घोड्यामागे सावकाश वेगाने सराव करावा, आणि घोड्यालाही मागून सरकत येणाऱ्या माणसाची, स्कीच्या खरखरीची सवय होऊ द्यावी. बुजलेला घोडा हा या खेळातला सगळ्यात मोठा धोका आहे, तो लेडविलचा असो वा सेंट मॉरिट्झचा.

डेन्व्हरच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हा खेळ गाडीने अडीच तासांवर आहे. मार्चच्या पहिल्या शनिवारी हॅरिसन अ‍ॅव्हेन्यूच्या फूटपाथवर लवकर जागा धरा, पहिल्या उडीच्या थोडं पुढे उभे राहा, म्हणजे उतरताना दोर कसा हाताळतात ते दिसेल. उंची मोठी आहे, त्यामुळे पाणी भरपूर प्या आणि चढावर घाई करू नका.