ओट्याचा दगड (ग्वाल्हेर)

स्वयंपाकघरातील ओट्यावर आणि न्हाणीघरात बेसिनच्या कट्ट्यावर बसवायची नैसर्गिक दगडाची लादी. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिच्यातून ग्वाल्हेर शहराचा ‘लष्कर’ हा भाग वाढला. तिथल्या मराठी घरांत आजही शब्द ‘ओटा’च आहे, बसवणारा मिस्त्री मात्र ‘पटिया’ नाहीतर ‘स्लॅब’ म्हणतो.

ग्वाल्हेर हे वालुकाश्माचे गाव. राजा मानसिंह तोमराचा मानमंदिर राजवाडा, किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती, सूफी संत महंमद घौसच्या कबरीच्या जाळ्या हे सगळे त्याच दगडातले. जुन्या घरांची छतेसुद्धा त्याच्याच पटियांची. मग ओटाही गावच्या दगडाचा का नको? वालुकाश्मातले वाळूचे कण कठीण खरे, पण कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्यांत फोडणीचे तेल मुरते आणि तेलाबरोबर हळद. दाणेदार सिलेवर, म्हणजे पाट्यावर, चटणी छान वाटली जाते. ओट्याला नेमका तोच दाणेदारपणा नडतो. अंगणातल्या कट्ट्याला हा दगड उत्तम, गॅसपाशी नको.

कोटा आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडक, तर संगमरवर हे चुनखडकाचेच रूपांतर. तिघांतही मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट पदार्थ त्याला खातो. आपल्या स्वयंपाकात तर लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांची ये-जा रोजचीच. सांडलेले सार रात्रभर राहिले की सकाळी तिथे निस्तेज चट्टा दिसतो. तो डाग नव्हे. तेवढा पृष्ठभागच झिजलेला असतो, त्यामुळे घासून जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. दुकानदार ‘सीलर लावून देतो’ म्हणतात. सीलरने तेल-हळद मुरणे कमी होते, आंबटाचा चट्टा टळत नाही. ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

म्हणून ओट्यासाठी ग्रॅनाइट. खनिजांची कठीणता १ ते १० मोजणाऱ्या मोस मापावर त्याची कठीणता साधारण ६ ते ७, संगमरवराची ३. घरगुती आंबटाचा त्यावर परिणाम जवळजवळ होत नाही. ग्वाल्हेरला शेजारच्या झाशीचा तांबूस दगड जवळचा. काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ मात्र थेट आंध्रातल्या चिमाकुर्तीहून येतो आणि भूशास्त्राच्या हिशेबात तो ग्रॅनाइट नव्हेच, गॅब्रो या गडद अग्निज खडकाच्या कुळातला आहे. बाजार या भानगडीत पडत नाही. कठीण आणि चकचकीत ते सगळे ग्रॅनाइट.

नमुन्याचा तुकडा घरी आणावा. त्यावर पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबावे. दगड तिथे गडद झाला तर तो पाणी पितो. दुसऱ्या कोपऱ्यावर लिंबू पिळावे. काळ्या दगडावर थिनरमध्ये भिजवलेला बोळा घासावा. बोळा काळा झाला तर दगड रंगवलेला समजावा.

लादी बहुधा १८ मिलिमीटर जाडीची घेतात. तिचे वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते, तेव्हा खालचा आधार पक्का हवा. तडा जातो तो बहुतेकदा सिंक किंवा शेगडीसाठी कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यातून. ते कोपरे काटकोनी न ठेवता गोल कापून घ्यावेत. पुढची कड इंचभर बाहेर ठेवून तिच्या खालच्या अंगाला खाच मारली की ओघळ कपाटाच्या दारांवर उतरत नाही. हे काम बसवण्याआधीच सांगावे लागते. मागाहून मिस्त्री हात वर करतो.

न्हाणीघरात चिंच नाही, हळद नाही, त्यामुळे तिथे संगमरवर चालतो. अडचण येते ती बोअरच्या जड पाण्याने. नळाभोवती पांढरा थर धरतो, तो काढायला कुणीतरी फरशीचे ॲसिड आणते आणि थराबरोबर पॉलिशही जाते. कट्टा रोज कोरड्या फडक्याने पुसला तर थर धरत नाही. धुवायला सौम्य साबणाचे पाणी पुरते.