कंपवात की पीएसपी? आधी विचारा, पहिल्यांदा कधी पडले

हालचाली मंदावल्या, अंग आखडलं की कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, शिक्का बसतो. पुढे गोळ्या लागू पडत नाहीत, माणूस घरात सारखं पडतं, आणि घरच्यांना एकच ऐकवलं जातं: ‘पार्किन्सनमध्ये तोल जातोच.’ जातो, पण कधी? सगळी गोम तिथे आहे.

कंपवात तुमच्या ओळखीचा आहे: एका हाताची थरथर, बारीक होत जाणारं अक्षर, लेव्होडोपाने, म्हणजे त्याच्या नेहमीच्या गोळीने, बहुतेकांना पडणारा आराम. त्यात वरचेवर पडणं सहसा बऱ्याच वर्षांनी सुरू होतं. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सीत, म्हणजे पीएसपी या कंपवातासारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या मेंदूच्या आजारात, ते सुरुवातीलाच येतं, पुष्कळदा पहिल्याच वर्षी. ठेच नाही, चक्कर नाही; उभा माणूस ओंडक्यासारखा मागच्या मागे कोसळतो. पीएसपीच्या निदानाच्या २०१७ च्या निकषांतही पहिल्या ३ वर्षांत विनाकारण वारंवार पडण्याला मोठं वजन आहे. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘वारंवार पडतात’ लिहिलेलं मला चालत नाही. त्रास सुरू झाल्यावर किती महिन्यांनी पहिल्यांदा पडले, पुढे की मागे, तेव्हा काय करत होते? पेशंट बऱ्याचदा सांगत नाही. बायकोला, सुनेला विचारा.

दुसरी खूण डोळ्यांत. ताटातलं नीट दिसत नाही, उतरताना पायरी चुकते, चष्मे बदलून होतात. दृष्टी शाबूत असते; नजर खाली वळत नाही. त्याही आधी नजरेचा वेग मंदावतो, आणि नेमका तोच तपासायचा राहतो. बोट सावकाश वर-खाली फिरवून ‘डोळे नॉर्मल’ लिहिलेलं पाहिलं की मला खरंच राग येतो. एक बोट वर, एक खाली धरा आणि नजर झटकन एकावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा. नुसतं वर बघणं कमी झालंय म्हणून घाबरू नका, उतारवयात ते होतंच.

मेंदूत साचणारं प्रथिनही वेगळं: कंपवातात अल्फा-सिन्यूक्लिन, पीएसपीत टाऊ. एमआरआयमध्ये मध्यमेंदू झिजून गुंजन पक्ष्यासारखा दिसला तर निदानाला बळ मिळतं, पण सुरुवातीचा एमआरआय साधा आला म्हणून पीएसपी नाही असं होत नाही. मेंदूतली डोपामिनची यंत्रणा तपासणारा ट्रोडॅट स्कॅन तर दोन्हींत बिघडलेला येतो. या दोघांत निवड करण्यासाठी त्यावर पैसे घालवू नका. आणि लेव्होडोपाने पहिली काही वर्षं बरं वाटलं, तरी पीएसपीचा एक प्रकार तसाही वागतो. पडण्याची तारीख तेव्हाही विचारा.