जीवनसत्त्व ई आणि क: जन्मजात चयापचय विकारांतल्या वापराची पार्श्वभूमी

आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी 1908 मध्ये लंडनच्या व्याख्यानांत जन्मजात चयापचय दोषांची (जन्मतःच शरीरातली एखादी रासायनिक क्रिया अडणे) कल्पना मांडली, तेव्हा एकाही जीवनसत्त्वाला नाव मिळालेले नव्हते. जीवनसत्त्व ई हाती लागले 1922 मध्ये, तेही उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करताना. या विकारांच्या मुलांना ते ‘अँटिऑक्सिडंट’ (पेशींना ऑक्सिडीकरणाच्या हानीपासून वाचवणारा पदार्थ) म्हणून देणे बरेच नंतर सुरू झाले. त्यामागे निरनिराळे हेतू होते, आणि सगळ्यांचा पुरावा सारखा भक्कम नाही.

सर्वांत पक्की बाजू अबीटालायपोप्रोटीनेमिया या विकाराची. बासेन आणि कॉर्नझ्वाइग या डॉक्टरांनी 1950 मध्ये त्याचे वर्णन केले: काटेरी तांबड्या पेशी, चालताना तोल जाणे, दृष्टिपटल खराब होणे. आतड्यात चरबीची बांधणीच होत नाही, त्यामुळे तिच्यावर स्वार होऊन रक्तात जाणारे जीवनसत्त्व ई आतच येत नाही. 1970 च्या दशकात लंडनच्या डॉक्टरांनी ते मोठ्या मात्रेत दिले आणि मज्जासंस्थेचे नुकसान रोखता येते, असे दिसू लागले. आज मात्रा दररोज किलोमागे 100 ते 300 युनिट असते, म्हणजे दहा किलोच्या बाळाला 1000 ते 3000. एवढे देऊनही रक्तातली पातळी कमीच राहते. तो आकडा पाहून उपचार फसला असे ठरवणे चूक. प्रतिक्षिप्त क्रिया, चाल आणि डोळे तपासत राहावे लागते.

दुसरे ठळक उदाहरण ग्लुटाथायोन सिंथेटेजच्या कमतरतेचे; हे विकर (एन्झाइम) पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन बनवते. पहिला रुग्ण 1970 मध्ये नोंदला गेला. लघवीत ऑक्सोप्रोलीन या आम्लाचा पूर, रक्तात आम्ल, तांबड्या पेशी फुटणे. पेशीचे स्वतःचे संरक्षणच अपुरे, म्हणून इथे अँटिऑक्सिडंट देण्याला थेट तर्क आहे. रूढ मात्रा दररोज किलोमागे ई 10 मिलिग्रॅम आणि क 100 मिलिग्रॅम. 2001 मध्ये 28 रुग्णांच्या पाहणीत लवकर सुरुवात झालेल्यांची स्थिती बरी आढळली. एकेकाळी एन-अॅसिटिलसिस्टीन हे सिस्टीन (एक अमिनो आम्ल) पुरवणारे औषधही देत. पण या विकारात पेशीत सिस्टीन आधीच साचलेले असते आणि त्याचे जादा प्रमाण मेंदूला घातक ठरू शकते, म्हणून ते मागे पडले.

मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या) आजारांत मात्र गल्लत झाली. 1984 मध्ये कॉम्प्लेक्स तीनचा (ऊर्जा बनवताना इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या साखळीतल्या एका टप्प्याचा) दोष असलेल्या एका रुग्णाला जीवनसत्त्व के-3 आणि क दिले गेले, ते इलेक्ट्रॉनना तुटलेल्या टप्प्याला वळसा घालता यावा म्हणून. पुढे त्यात को-एन्झाइम क्यू10, ई, रायबोफ्लेविन मिसळत ‘कॉकटेल’ तयार झाले आणि कुठल्याही मायटोकाँड्रियल निदानाला लिहून दिले जाऊ लागले. कॉक्रेन या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांना त्याच्या फायद्याचा ठोस पुरावा सापडला नाही. शरीरात क्यू10 बनतच नाही अशा दोषांत मात्र क्यू10 हा खरा उपचार असू शकतो, आणि तो लवकर सुरू करावा लागतो.

गोंधळ मोजमापातही होतो. ई चे 100 मिलिग्रॅम नैसर्गिक रूपात सुमारे 149 युनिट, कृत्रिम रूपात 110. बाटली बदलली की मात्रा बदलते, म्हणून चिठ्ठीवर रूप आणि एकक दोन्ही हवेत. पित्त अडलेल्या मुलांत तेलातले थेंब फारसे शोषले जात नाहीत. त्यांच्यासाठी पाण्यात विरघळणारे रूप आले, आणि 2009 मध्ये युरोपने त्याला मान्यता दिली.

जादा ई जीवनसत्त्व के च्या कामात अडथळा आणून रक्तस्राव वाढवू शकते. चरबीच न शोषणाऱ्या मुलांत के आधीच कमी असते, तेव्हा रक्त गोठण्याची चाचणी सोबत करावी. क चे मोठे डोस ऑक्झलेटचे खडे करू शकतात, आणि जी-6-पी-डी हे तांबड्या पेशींना जपणारे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकतात. शिरेतून मोठी मात्रा दिली असेल, तर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. साखर अचानक उतरणाऱ्या मुलात ही चूक महागात पडते. अशा वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.