फोमच्या जेट मॉडेलची पॉवर सिस्टिम

रेडिओवर उडणाऱ्या फोमच्या जेटमध्ये डक्टेड फॅन (नळीत बसवलेला पंखा), मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी हा एकच संच मानून निवडावा लागतो. सुरुवात वजनापासून करावी, वेगापासून नव्हे. हाताने फेकायच्या विमानाला वजनाच्या निदान 80 टक्के थ्रस्ट (ढकलणारा जोर) हवा; मुरमाच्या धावपट्टीवरून चाकांवर न्यायचे तर त्याहून थोडा जास्तच बरा.

सोलापुरात इथेच हिशेब चुकतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर उंच आहे. उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर गेला की हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा (समुद्रसपाटीला, 15 अंशांवर) जवळपास आठव्या हिश्शाने घटते आणि तेवढ्याच फेऱ्यांना थ्रस्टही त्याच प्रमाणात पडतो. म्हणजे 1.6 किलो लिहिलेला 70 मिमीचा फॅन इथे मे महिन्यात 1.4 किलोच्या आसपास ओढतो आणि विमानाच्या पोटात बसवल्यावर त्यातलेही काही गळते. 1,200 ग्रॅमच्या जेटला तो तरीही पुरतो. 1,600 ग्रॅमच्या जेटला हाताने फेकणे म्हणजे फोमचे तुकडे गोळा करायची तयारी.

असा फॅन फोर-एस, म्हणजे चार सेलच्या, बॅटरी पॅकवर साधारण 60 अँपिअर खेचतो. त्याला 80 अँपिअरचा ईएससी द्यावा. 3,300 एमएएच (3.3 अँपिअर-तास) पॅक 35 सी-चा, म्हणजे क्षमतेच्या 35 पट प्रवाह देणारा, घेतला तर कागदावर 115 अँपिअर देतो. छापलेला सी-आकडा बहुधा फुगवलेला असल्याने एवढी मोकळीक लागतेच. सरासरी 40 अँपिअर धरून पॅकचा 80 टक्केच भाग वापरला, तर उड्डाण चार मिनिटांचे. मोठा पॅक घातला की वजन वाढते आणि तो फायदा बराचसा खाऊन टाकते.

ईएससी फॅनजवळ ठेवून बॅटरीच्या तारा लांबवू नयेत. लांब तारांमुळे व्होल्टेज हेलकावते, कपॅसिटर तापून फुटतात आणि हवेतच मोटर बंद पडते. लांबवायच्याच तर मोटरच्या तीन तारा लांबवाव्यात. ईएससीची उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी डक्टमधल्या वाऱ्यात उघडी राहू द्यावी.

डक्टचे मागचे तोंड फॅनच्या फिरत्या क्षेत्रफळाच्या सुमारे 90 टक्के असावे. फॅनचा मधला गोळा (हब) 30 मिमीचा असेल तर 70 मिमीच्या फॅनला ते गोल तोंड 60 मिमीचे येते. त्याहून सैल ठेवले की उभ्या उभ्या थ्रस्ट छान दिसतो, पण उडताना वेग मिळत नाही.

ज्वारी काढल्यावर मोकळी झालेली रानं उडवायला मोहात पाडतात. मात्र धसकटांनी पोट फाटते आणि कडब्याचा चुरा फॅनमध्ये शिरून पाती तडकतात. पहिल्या जेटला म्हणून फॅनऐवजी विमानाच्या मधल्या खाचेत फिरणारा प्रॉपेलरच चांगला: 600 ते 700 ग्रॅमच्या डेप्रॉन (पातळ फोमशीट) विमानाला 2,200 केव्हीची (दर व्होल्टला 2,200 फेरे प्रति मिनिट) मोटर, 6×4 (6 इंच व्यास, 4 इंच पिच) प्रॉपेलर, 30 अँपिअरचा ईएससी आणि थ्री-एस 2,200 एमएएच पॅक. थ्रॉटल दिला की तो लगेच उचलतो. फॅनला वेग धरायला क्षणभर लागतो आणि खाली येताना तोच क्षण महागात पडतो.

पहिल्या उड्डाणाआधी पूर्ण भरलेल्या पॅकवर, वॉटमीटर (अँपिअर-व्होल्ट मोजणारे यंत्र) लावून, पाच सेकंद पूर्ण थ्रॉटल द्यावा. अँपिअर ईएससीच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांपुढे गेले तर मोठा ईएससी घ्यावा. विमानतळ होटगी रस्त्यावर असल्याने मैदान ठरवताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-हवाईक्षेत्राचा नकाशा पाहणे आवश्यक आहे.