कौटुंबिक हिंसा (खानदेश)

मारहाण, धाक, लैंगिक बळजबरी, अपमान किंवा पैशांची कोंडी करून घरातल्या माणसाला ताब्यात ठेवणे म्हणजे कौटुंबिक हिंसा. मुले आणि म्हातारी माणसेही तिला बळी पडतात, मात्र सर्वाधिक झळ सुनेला, बायकोला बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) मध्ये महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचे सांगितले. ज्या बोलल्याच नाहीत, त्या या आकड्यात नाहीत.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कारण विचारले की पहिले उत्तर येते : दारू. दारूने मारहाण वाढते, हे खरे. पण तोच माणूस प्यालेला असतानाही मुकादमावर किंवा सावकारावर हात टाकत नाही. जाब विचारणारे कोणी नसते, तिथेच हात उठतो. कपाशीची वेचणी आणि निंदणी बाईने करायची, सातबारा मात्र नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. मग घर सोडून ती जाणार कुठे? हुंड्यावर १९६१ पासून बंदी आहे, तरी मानपानाच्या नावाखाली मागणी चालूच राहते. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांत उलट मुलीकडच्यांना देज, म्हणजे वधूमूल्य, मिळते, पण 'देज देऊन आणली' हाच तिथे हक्काचा दाखला होऊ शकतो. ऊसतोडीला गुजरातेत किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बाईजवळ माहेरचे कोणीच नसते. डाकीण ठरवून बाईचा छळ करण्यात तर घरासोबत गावही सामील होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

आरोग्यावरचे परिणाम जखमांपुरते मोजणे ही मोठी चूक ठरते. हाड मोडलेली बाई दवाखान्यात येते, तेव्हा निदान काहीतरी दिसते. त्याहून कितीतरी जणी डोकेदुखी, कंबरदुखी, ओटीपोटातले दुखणे, झोप न लागणे, घाबरे होणे अशा तक्रारी घेऊन पुन्हा पुन्हा येतात. गोळ्या मिळतात, कारण तसेच राहते. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात. शेतीच्या घरात कीटकनाशक हाताशी असते, म्हणून हा धोका इथे फार गंभीर आहे. गरोदरपणातील मारहाणीने गर्भपात, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचे बाळ यांची शक्यता वाढते. जिथे रक्तक्षय आणि कुपोषण आधीच आहे, त्या नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे माता आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसला नाही, तरी मेंदूला इजा झालेली असू शकते. हिंसा पाहत वाढलेल्या मुलांत भीती, अंथरूण ओले करणे, शाळेतून मन उडणे दिसते, आणि पुढे तीच रीत उचलण्याचा धोकाही असतो.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात संरक्षण, राहत्या घरातील निवास आणि खर्चासाठी पैसे यांचे आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतो. आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. सासू किंवा नवरा सोबत असताना बाई खरे सांगत नाही, त्यामुळे आशा ताई, परिचारिका, डॉक्टर यांनी तिला एकटीला गाठून विचारणे गरजेचे असते. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.